अक्षराचे तांदूळ

कौशिकचा लॅपटॉप सरस्वतीपुढे पूजेला बसला, आणि सणातल्या कुरबुरीला तिथूनच सुरुवात झाली.

सीतालक्ष्मीच्या मनात काही वाकडं नव्हतं. सरस्वतीपूजेला घरातली सगळी पुस्तकं देवीपुढे मांडायची, आणि दुसऱ्या दिवशी विजयादशमीला पूजा उतरेपर्यंत कुणी एक अक्षर वाचायचं नाही की लिहायचं नाही, ही रीत भोवतालच्या तमिळ घरांसारखी त्यांच्याही मराठी घरात तंजावरापासून चालत आलेली. ज्याच्यावर मुलाचं पोट चालतं ते यंत्र पुस्तकांत का धरू नये? तिनं ते मऊ फडक्यानं पुसलं, झाकणावर चंदनाचा टिळा लावला, कुंकू लावलं, वर झेंडूचं फूल ठेवलं. आणि त्याच्यावर नातीची, दिव्यश्रीची, शाळेची निळी पिशवी.

दुपारी कौशिक पूजेसमोर येऊन कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"अम्मा, हे काय! उद्या सकाळी अमेरिकेला काम पाठवायचंय गं."

"पूजा उतरली की घे, कण्णा."

"ती उतरणार दहाला. तेव्हा तिकडे रात्र."

"मग बरंच की. निजतील बिचारे."

स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली त्याची बायको, शर्मिष्ठा, खळखळून हसली. "बघ, मी महिनाभर सांगतेय सुट्टी घे. आईंनी एका टिळ्यात दिली." झोपाळ्यावर बसलेले हंबीररावही हसले. ते सीतालक्ष्मीचे थोरले दीर, रेल्वेतून निवृत्त झालेले, शहरातल्याच वेप्पेरीहून सणासाठी मुक्कामाला आलेले. हसताना त्यांच्या मांडीखालून घडी घातलेला पेपर घसरला, तेव्हा कौशिकच्या थोरल्या बहिणीनं, चित्रानं, बरोबर पकडलं. "काका, तुम्ही वाचत होतात!"

"वाचत नव्हतो. चित्रं पाहत होतो," हंबीरराव म्हणाले. पुन्हा हसू झालं.

त्या हशातच शर्मिष्ठा पुढे झाली, लॅपटॉपवरची निळी पिशवी तिनं अलगद उचलली आणि फूल परत जागेवर ठेवलं. "हिची पिशवी मात्र मी घेते हं, आई."

"राहू दे गं. एक रात्र."

"नको." शर्मिष्ठानं पिशवी छातीशी धरली. "आणि मला बोलायचंच होतं. उद्याचं ते हिचं बोट धरून तांदळावर पहिलं अक्षर काढायचं... ते आपण नको करूया."

झोपाळ्याची कडी करकरायची थांबली.

सीतालक्ष्मीनं हातातल्या फडक्याची घडी घातली, ती उलगडली, पुन्हा घातली. तिची नजर देव्हाऱ्याखालच्या पितळेच्या डब्याकडे गेली.

दिव्यश्री जन्मली त्या संध्याकाळी तिनं त्या डब्यात तांदळाची पहिली चिमूट टाकली होती. तेव्हापासून रोज दिवा लावला की एक चिमूट. ताप असला तरी, ग्रहण असलं तरी, समुद्र किनारा ओलांडून आत आला आणि त्यांची अख्खी तिरुवल्लिकेणी पेठ घाबरून गच्चीवर चढली त्या दिवशीसुद्धा. उन्हाळ्यात ते तांदूळ गच्चीवर उन्हात घालायचे, चाळायचे, कडुलिंबाचा वाळला पाला घालून परत भरायचे. ज्या दिवशी पोर या तांदळात पहिलं 'श्री' काढील, त्या दिवशी त्यांचीच खीर करून गल्लीतल्या मुलांना वाढायची, असा तिचा नेम होता. नेम तिनं कधी कुणाला मोठ्यानं सांगितला नव्हता. सगळ्यांना ठाऊक होता.

आणि उद्याच दुपारी कौशिकचं बिऱ्हाड शहराच्या टोकाला, शोळिंगनल्लूरच्या नव्या फ्लॅटमध्ये जायचं होतं. कंपनीपासून पाच मिनिटांवर. तिथे नुंगंबाक्कमच्या शाळेची व्हॅन सकाळी न्यायला येणार होती. सकाळी नातीची वेणी घालणं, संध्याकाळी तिला शेजारी बसवून दिवा लावणं, हे सगळं उद्यापर्यंतच.

"का नको म्हणे?" हंबीररावांनी विचारलं. आवाज अजून गोडच होता.

"काका, तिच्या शाळेत सहा वर्षांपर्यंत प्रार्थना, धर्म, अक्षरांची सक्ती, काही नाही. म्हणून तर ती शाळा घेतली. बाई म्हणतात, या वयात मुलाला हाताला जे लागतं तेच खरं वाटतं. देव काही हाताला लागत नाही."

लागतो की, असं सीतालक्ष्मीच्या मनात आलं. समईचा चटका लागतो, तुळशीची ओली माती लागते.

"उद्या नव्या घरी दूध उतू घालायला मुहूर्त चालतो," हंबीरराव म्हणाले, "तो मीच काढून दिला. घराला चालतो, लेकराला चालत नाही?"

"घर मोठं होऊन माझ्यावर रागावणार नाही, काका."

चित्रा भावजयीची बाजू घेत पुढे आली. ती बंगळुरूच्या बँकेत नोकरीला, सणासाठी आलेली. "काका, हल्लीच्या शाळा असंच सांगतात. अम्मा, मनाला लावून घेऊ नकोस. अक्षर पुढच्या वर्षी काढता येईल."

"पुढच्या वर्षी मी असेन का, विचार," हंबीरराव म्हणाले. खरं तर हे सीतालक्ष्मीच्या ओठांवर आलेलं वाक्य होतं. त्यांनी ते उचललं म्हणून तिला आतून थोडी लाजच वाटली.

"हे असं म्हणायचं नसतं ना, काका," शर्मिष्ठा म्हणाली. "ही जबरदस्तीच झाली."

झालं. चित्राचा चेहराच बदलला. "जबरदस्ती? आमची बोटंही तांदळात धरली होती. आमच्यावर जबरदस्ती झाली म्हणायचं? आम्ही काय बिघडलो?"

"तसं नाही म्हटलं मी, चित्राताई."

"म्हटलंस की!"

आता चित्रा झोपाळ्यावर काकांच्या शेजारी जाऊन बसली. कौशिक दोघींच्या मध्ये उभा राहून पूजेतल्या लॅपटॉपकडे असा बघत होता, की जणू त्याच्यात कुठेतरी याचं उत्तर होतं आणि नेमकं तेच काढायला बंदी होती.

"तू काय म्हणतोस?" हंबीररावांनी विचारलं.

"मी... अम्मा म्हणेल तसं. म्हणजे, शर्मिष्ठाचंही बरोबर आहे."

"सेरि, ठीक आहे," हंबीरराव म्हणाले. "गवर्मेंट असंच चालतं."

*

संध्याकाळी पाहुण्या बायका हरभऱ्याच्या सुंडलाचे द्रोण घेऊन गेल्या, तेव्हा स्वयंपाकघरात सासूसुना दोघीच उरल्या. शर्मिष्ठा ओट्यापाशी उभी राहून उरलेले हरभरे डब्यात भरत होती. सीतालक्ष्मी खाली बसून उद्याच्या वाती वळत होती. कापसाचा पुंजका मांडीवर, दोन बोटांत पीळ, तळव्यावर एक फेर.

"मजला राग नाही आला," सीतालक्ष्मी हळूच म्हणाली. लग्न होऊन आली तेव्हा शर्मिष्ठा या 'मजला'ला तोंड लपवून हसायची. आता हसत नव्हती. "पण समजलं नाही. तुझ्या माहेरी तर रोज देवपूजा. तुझे बाबा किती सात्त्विक मनुष्य."

शर्मिष्ठानं डब्याचं झाकण लावलं आणि तशीच पाठमोरी उभी राहिली.

"आई, आवडी गावात आमच्या सरकारी क्वार्टर्समध्ये रोज संध्याकाळी परवचा असायचा. पाढे, मग श्लोक, मग स्तोत्र. मी दादाच्या मांडीला मांडी लावून बसायची. बाबा कधी हात उगारायचे नाहीत. एवढंच म्हणायचे, चुकली, पुन्हा पहिल्यापासून. जेवण शेवटचा शब्द बरोबर आल्यावर. आई ताटं वाढून बसलेली असायची. भात निवायचा. दादा रडकुंडीला यायचा, माझ्यामुळे त्याचंही जेवण राहायचं ना." ती थोडं हसली. "पाठ सगळं आहे हं. झोपेतून उठवा, म्हणून दाखवीन. पण कुठे घंटा वाजली की अजून मी मनातल्या मनात पहिल्यापासून म्हणायला लागते. देवळात तुमच्याबरोबर येते तेव्हासुद्धा. मला तुमच्यासारखं व्हायला किती आवडलं असतं, तुम्ही दिव्यापुढे बसता ना, तसं. ते आता माझ्याच्यानं होत नाही. हिचं तसं होऊ नये, एवढंच."

सीतालक्ष्मीच्या बोटांतली वात अर्धी वळून राहिली.

तिला तिचे स्वतःचे वडील आठवले. तंजावरच्या घरातली पडवी, सुपातले तांदूळ, आणि तिच्या इवल्या बोटावर ठेवलेला वडिलांचा जाड, राकट अंगठा. ते पहिलं अक्षर कसं उमटलं, काही आठवत नव्हतं. अक्षर त्यानंतर किती वेळा लिहिलं. अंगठा परत कधी मिळाला नाही. तिला वाटायचं, आपल्यामागे या पोरीच्या बोटाला आपल्याही अंगठ्याची अशीच आठवण राहावी. बस्स. पुण्य, कूळ, रीत, ते सगळं त्याच्यामागून. हे सुनेला सांगावं असं तिच्या अगदी मनात आलं. पण समोरचं दुःख ताजं असताना आपलं मागणं पुढे करणं तिला बरं दिसेना.

"भात निवला की चव जाते," ती एवढंच म्हणाली. "गरम गरम जेवून घे हं तू आता. मी वाढतें."

तेवढ्यात दिव्यश्री पळत आली. साडेतीन वर्षांची, रेशमी परकर एका हातात वर धरलेला. "आज्जी, विळक्कु टाइम!" दिव्याची वेळ झाली, हे तिला घड्याळापेक्षा आधी कळायचं. ती आजीच्या मागे मांडी घालून बसायची. समोर समई. आजी मागे न बघता हात पसरायची आणि दिव्यश्री त्या तळव्यावर एक वात ठेवायची, मग दुसरी. एकदाही दोन वाती एकदम नाहीत. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. श्लोक ती म्हणत नसे. वाती संपल्या की "डन," म्हणायची आणि निघून जायची.

आजही तसंच झालं; शर्मिष्ठा स्वयंपाकघराच्या दारातून बघत राहिली.

*

विजयादशमीच्या सकाळी पूजा उतरली न उतरली तोच हंबीरराव न्हाऊन, कपाळाला विभूती लावून, पाटावर बसलेले होते. समोर मोठं परातीएवढं तांब्याचं ताट, आणि देव्हाऱ्याखालचा पितळेचा डबा त्यांनी स्वतः काढून ताटात उपडा केलेला. सीतालक्ष्मी तुळशीला पाणी घालून आत आली आणि दारातच थबकली. इतक्या दिवसांचे तांदूळ एकदम असे उघड्यावर पडलेले पाहून तिला कसंतरीच झालं. मधूनमधून कडुलिंबाची पानं दिसत होती.

"भावजी, काल ठरलं ना..."

"काय ठरलं? काही ठरलं नाही. बायका रडल्या आणि निजल्या, त्याला ठरणं म्हणत नाहीत. तू बस, सीता. अक्षर घरातल्या कर्त्या पुरुषानं धरायचं. तुझा नवरा, माझा प्रतापसिंह, असता तर त्यानं धरलं असतं. तो नाही, मी आहें."

म्हणजे ते तिचंही काढून घेतलं होतं. अंगठा तिचा असणारच नव्हता. तिच्या लक्षात आलं, की काल दिवसभर आपण सुनेपाशी मनातल्या मनात जे मागत होतो ते या घरात आपल्याला मिळणारच नव्हतं.

चित्रा नारळ घेऊन आली. तिनं मान खाली घातली. शर्मिष्ठा न्हाणीघरात गेल्याचं काकांना तिनंच सांगितलं होतं, हे त्यावरून कळलं. "अम्मा, एक मिनिटाचं काम. ती आंघोळीला गेलीय तोवर होऊन जाईल. मग भांडू."

"कण्णू! इकडे ये," हंबीररावांनी हाक मारली.

दिव्यश्री आली. ताटभर तांदूळ बघून तिचे डोळे चमकले. ती आनंदानं त्यांच्या मांडीवर बसली, दोन्ही हात तांदळात खुपसले. हंबीररावांनी तिचं उजव्या हाताचं बोट मुठीत धरलं. "असं नाही. बोट सरळ. आज्जीला 'श्री' काढून दाखव."

"नो, मी करतें," दिव्यश्री म्हणाली.

"मग कर. आधी माझ्याबरोबर." त्यांनी बोट ताणलं. पोरीनं ओढून घेतलं. त्यांनी पुन्हा धरलं, या वेळी मनगटाला. ते रागावलेले नव्हते. घाईत होते. न्हाणीघरातला पाण्याचा आवाज थांबला होता. "हात सैल सोड. चुकलं. पुन्हा पहिल्यापासून."

सीतालक्ष्मीनं ते वाक्य ऐकलं आणि पोरीच्या तोंडाकडे पाहिलं. दिव्यश्री रडत नव्हती. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते, पाठ ताठ झालेली, आणि डोळे समोरच्या सरस्वतीवर, रागानं.

"सोडा," सीतालक्ष्मी म्हणाली.

तिचा आवाज इतका हळू होता, की हंबीररावांना ऐकूच गेला नाही. ती पुढे गेली. ज्या दिरापुढे ती चाळीस वर्षांत डोक्यावरचा पदर सावरल्याशिवाय उभी राहिली नव्हती, त्यांच्या समोर गुडघ्यांवर बसली आणि त्यांच्या मनगटावर स्वतःचा हात ठेवला.

"भावजी, तिचं बोट सोडा."

"अगं, तुझाच नेम ना हा?"

"आमा, होय. माझाच. म्हणोन सांगतें."

"देवीसमोर अर्धं सोडायचं?"

"देवी थांबेल. तिला कुठं जायचंय." सीतालक्ष्मीनं त्यांच्या मनगटावरचा हात काढला नाही. "ही पोर मोठी झाली की तिला अक्षर आठवणार नाही. धरलेलं मनगट आठवेल. आणि ते या मूर्तीसमोर धरलेलं आठवेल. मजला तसं नको. मग माझे तांदूळ कच्चेच राहू देत."

हंबीररावांनी हात सोडला. त्यांचा चेहरा उतरला; इतका, की तिला त्यांचीही दया आली. "मी काय शत्रू आहें काय तिचा?" ते पुटपुटले.

दारात ओल्या केसांनी शर्मिष्ठा उभी होती. किती ऐकलं कुणास ठाऊक. ती धावत आली नाही, ओरडली नाही.

मोकळी सुटलेली दिव्यश्री मात्र मांडीवरून उतरली, पूजेतल्या दोन चांदीच्या वाट्या तिनं उचलल्या, आणि ताटासमोर बसून एका वाटीत तांदूळ भरले. मग ते दुसऱ्या वाटीत ओतले. सावकाश. पुन्हा इकडून तिकडे. ओतताना एक दाणा फरशीवर पडला. तिनं वाट्या खाली ठेवल्या, दाणा दोन बोटांत उचलला, वाटीत टाकला, आणि पुन्हा सुरू केलं.

"हे काय करते ही?" हंबीररावांनी हळू आवाजात विचारलं.

"शाळेत शिकवतात, काका," शर्मिष्ठा म्हणाली. "ओतणं. सांडलं तर आपणच उचलायचं."

सीतालक्ष्मी बघत होती. असं एकचित्त व्हावं म्हणून ती स्वतः रोज पहाटे डोळे मिटून बसायची, आणि बहुतेक वेळा मन दुधाच्या पातेल्याकडे जायचं. तिनं नकळत हात जोडले. मग कुणी पाहील म्हणून पदराखाली घेतले.

*

सामानाचा टेम्पो बाराला गेला. कौशिकनं लॅपटॉपवरचा टिळा न पुसता तो पिशवीत घातला. हंबीररावांनी नव्या घरासाठी दुधाचं पातेलं स्वतः बांधून दिलं. रुसवा धरायचा की मुहूर्त सांभाळायचा यात मुहूर्त जिंकला होता.

शर्मिष्ठा गाडीपर्यंत जाऊन परत आली.

"आई, थोडा कापूस द्याल?"

"कशाला गं?"

"ही संध्याकाळी वाती मागणार. नाही मिळाल्या तर रात्रभर झोपू देणार नाही." ती उंबऱ्याकडे बघत बोलत होती. "श्लोक मी नाही म्हणणार. ते मला नाही जमायचं. पण वाती वळू देईन. बोटांना चांगलं असतं, बाईही तसंच म्हणतील." मग जरा थांबून, "मला वळता येत नाहीत. दाखवाल?"

सीतालक्ष्मीनं कापसाचा पुंजका आणला. तिनं सुनेचा तळवा उघडला, त्यावर कापूस ठेवला, आणि पीळ कसा द्यायचा ते दाखवायला तिच्या बोटावर आपला अंगठा ठेवला. पहिली वात जाडजूड झाली, एका टोकाला फुगलेली.

"वाईट झाली."

"पेटेल की. सेरि, जा आता. दूध उतायचंय."

"आणि तुमचे तांदूळ?"

"ते माझ्यापाशी. हिनं कधी विचारलं तर सांग. नाही विचारलं तर सांगू नको."

गाडीच्या मागच्या काचेतून दिव्यश्रीनं हात हलवला तो आजीला की कोपऱ्यावरच्या गाईला, हे नीट कळलं नाही.

संध्याकाळी घर फार मोठं झालं. हंबीरराव वेप्पेरीला परतले होते. चित्राची गाडी रात्रीची होती. ती आत कपडे भरत होती. सीतालक्ष्मीनं समई पुसली, तेल घातलं, आसनावर बसली. डोळे ज्योतीच्या जागेवर. आणि सवयीनं, मागे न बघता, तिनं हात पसरला.

तळवा तसाच राहिला. बाहेर पार्थसारथीच्या देवळाचा घंटानाद सुरू झाला, संपला. तिनं हात लगेच मागे घेतला नाही. शोळिंगनल्लूरला या वेळी वारा फार असतो म्हणतात, खिडक्या लावल्या असतील का. ती जाड वात टिकेल का.

मग तिनं स्वतःच वाती घेतल्या, दिवा लावला. सकाळचे तांदूळ तिनं दुपारीच निवडून डब्यात परत भरले होते. तिनं आजची चिमूट घेतली, आणि डब्याच्या काठाशी आलेल्या तांदळावर जपून ठेवली. दोन दाणे घरंगळून फरशीवर पडले. ते तिनं दोन बोटांत उचलले.

"चित्रा," तिनं हाक मारली. "जाण्याआधी माळ्यावरचा मोठा डबा काढून देशील?"

"कशाला, अम्मा?"

"हा भरत आला."